कानाचे पेढे

‘‘चहा झालाय,’’ मी म्हणाले. हे हलले नाहीत.

डाव्या कुशीवर झोपले होते, उजवा कान वर. मी पुन्हा म्हणाले, मग जरा आवाज चढवून म्हणाले. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा दचकून उठले आणि मी चोरपावलांनी आल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

‘‘कधीची उभी आहेस?’’

‘‘तीनदा हाक मारली.’’

यांनी उजव्या कानात करंगळी घातली, हलवली, बाहेर काढून निरखली. कानावर थाप मारून पाहिली. मग डाव्या कानावर तळवा दाबून मला म्हणाले, ‘‘बोल काहीतरी.’’

‘‘चहा निवतोय.’’

‘‘बोल ना.’’

‘‘अहो, बोलतेय की.’’

यांनी हात काढला. ‘‘या कानात काही येत नाही, कुमुद. शिट्टी तेवढी वाजतेय. बारीक. तुला येते का ऐकू?’’

‘‘तुमच्या कानातली शिट्टी मला कशी येईल?’’

हे हसले. पण उठायला गेले आणि एका बाजूला कलले, कपाट धरलं म्हणून बरं. खोली फिरतेय म्हणाले. मी पाणी दिलं, तर तांब्याभर पाणी एका दमात प्यायले आणि आणखी मागितलं. त्या पाण्याचं मला काही वाटलं नाही. त्या उन्हाळ्यापासून हे पाणी फार पीत होते, रात्री तीन-तीनदा उठत होते, तळपाय जळतात म्हणत होते. पण भट्टीपुढे बसणाऱ्याला तहान लागणारच आणि दिवसभर मांडी घालून बसणाऱ्याचे पाय धरणारच, असं आमच्याकडे सगळेच म्हणत. आमच्याकडे म्हणजे पुण्याच्या तांबट आळीत. हे तांबट, माझे वडील तांबट, सासरे तांबट. हातोडीचा आवाज नसलेली मी एकच जागा पाहिली, ती म्हणजे बाळंतपणाचं इस्पितळ, आणि तिथं मला झोप लागली नाही.

पण मला कानाचं भय वाटलं. त्याचं कारण सांगायचं तर लग्नाआधीपासून सांगायला हवं.

माझे आबा पंचेचाळिशीत ठार बहिरे झाले. तांबटाचं हे असंच असतं. आयुष्यभर घंगाळं आणि बंब ठोकायचे, शेजारी भाऊ ठोकतोय, समोर चुलता ठोकतोय, आणि कान आपले वर्षावर्षानं विझत जायचे. आळीतले पुरुष हातवाऱ्यांनी बोलत आणि बायका ओरडून. माझ्या आईचा आवाज पार फाटला होता. तिनं आबांना भाजीत मीठ जास्त झालंय का एवढं विचारलं तरी ते चार घरांना कळायचं. ती मला एकदा म्हणाली होती, ‘‘तुझ्या बापाशी मी कधी हळू बोललेच नाही बघ. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. त्या राहिल्याच.’’

हे मला बघायला आले तेव्हा चहापोहे झाल्यावर कुणीतरी रीत म्हणून विचारलं, मुलीला काही विचारायचंय का. मुलीनं मान खाली घालून नाही म्हणायचं असतं. मी विचारलं, ‘‘कान चांगले आहेत का?’’

सगळे हसले. माझी मावशी तेवढी हसली नाही, तिनं मला चिमटा काढला. हे म्हणाले, ‘‘चांगले आहेत.’’

‘‘राहतील का?’’

तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. तांबटाच्या पोराला असं विचारणं म्हणजे तू काम करणार की नाही असं विचारण्यासारखंच. यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘राखीन.’’

आणि राखले. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हे कानात कापसाचे बोळे घालून बसायला लागले. रोज सकाळी मी वातींच्या कापसाचे दोन बोळे वळायची, खोबरेल तेलाचा हात लावून घट्ट करायची, आणि यांच्या हातावर ठेवायची. आळीनं यांना बोळेवाला नाव ठेवलं. ‘‘दिगंबरला तांब्यापेक्षा कापूस जास्त लागतो,’’ असं म्हणून हसायचे. आमच्या समोरचे सदूअण्णा करडे म्हणजे आळीचे मोठे. ते तर तोंडावर म्हणत, ‘‘ज्याला हातोडीचा आवाज सोसत नाही त्यानं सोनार व्हावं.’’ कालिकादेवीच्या उत्सवात जुन्या कारागिरांची एक पंगत वेगळी बसे, तिच्यात यांना कधी कुणी बोलावलं नाही. हे काही बोलत नसत. पण त्या दिवशी घरी येऊन न जेवता झोपत, हे मी पाहिलं होतं.

संध्याकाळी आळी थांबली की हे हातपाय धुऊन खिडकीपाशी बसायचे. बोळे काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘हं, बोल.’’

मी यांच्या उजव्या हाताला बसून बोलायची. काय बोलायची? काहीही. आमच्या लेकीच्या, सुरेखाच्या शाळेचं, भाजीवालीचं, आईच्या दुखण्याचं, मनातलं, मनात नसलेलं. पुढं सुरेखा लग्न होऊन सोलापूरला गेली, तरी आमचं हे चालूच होतं. हळू बोलायची मी. मुद्दाम हळू बोलायची. आळीत नवऱ्याशी हळू बोलणारी मी एकटीच होते आणि त्याचा मला माज होता, खोटं कशाला सांगू.

म्हणून त्या सकाळी मला कानाचं भय वाटलं.

‘‘आपण डॉक्टरकडे जाऊ,’’ मी यांच्या डाव्या कानाशी म्हणाले.

‘‘मळ असेल. निघेल.’’

कामाला बसायच्या आधीच सदूअण्णा आले. यांचा तोल जातो म्हणून मी दारात धरून उभी होते, ते त्यांनी पाहिलं. काय झालं म्हणून हातानं विचारलं. यांनी उजवा कान दाखवला आणि तळवा उलटा केला. आळीत त्याचा अर्थ एकच होता, कान बसला.

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी यांना मिठीच मारली. ‘‘पेढे,’’ ते म्हणाले. बहिरा माणूस बोलतो तसे, म्हणजे अख्ख्या आळीला ऐकू जाईल असे म्हणाले. ‘‘दिगंबरचा कान बसला. पेढे आण.’’

आमच्या आळीची ही रीत होती. कारागिराचा कान बसला की त्यानं देवीपुढे पेढे ठेवायचे आणि आळीत वाटायचे. आता हा पुरा तांबट झाला, हातोडी याच्या हाडात गेली, असं धरायचे. दुःखाचं ओझं वाटून घ्यायला कुणा शहाण्यानं ही रीत काढली असेल. पण माझ्या आबांचे पेढे मला आठवतात. आईनं तिच्या वाटणीचा पेढा परसात जाऊन चिमण्यांना टाकला होता.

मी अण्णांच्या समोर उभी राहिले, म्हणजे त्यांना माझे ओठ दिसतील. ‘‘अण्णा, हे ते नव्हे. तुमचे कान हळूहळू गेले, दोन्ही गेले. यांचा काल होता आणि आज नाही. आणि एकच गेलाय. वर चक्कर येतेय.’’

अण्णा विचारात पडले. त्यांना वाईट वाटावं असं मी काही बोलले नव्हते आणि ते वाईट माणूसही नव्हते. म्हणाले, ‘‘सूनबाई, त्याचं कारण तुझा कापूस. इतकी वर्षं बोळ्यांनी आवाज अडवून धरलास. बांध घातला की पाणी साठतं, आणि फुटला की एकदम जातं. आमचं थेंबथेंब गेलं, याचं एकदम गेलं. हिशेब तोच.’’

आळीतल्या सगळ्यांना ते पटलं. यांनाही पटलं. मला पटलं नाही, पण ज्या माणसांनी जन्मभर कान जाताना पाहिले, त्यांना कानाविषयी मी काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर पेढे वाटले. अण्णांनी यांना आपल्या शेजारी बसवलं, जुन्या कारागिरांच्या ओळीत. पहिला पेढा देवीचा, दुसरा अण्णांनी स्वतःच्या हातानं यांना भरवला. मग एकेक जण येऊन भरवू लागला. बोळेवाला म्हणून चिडवणारे तेच सगळे. हे नाही म्हणेनात. प्रत्येकाचा पेढा खात होते, मधेमधे पाणी पीत होते, आणि डोळ्यांत पाणी होतं. मी बायकांत उभी होते. माझ्या हातावरही कुणी पेढा ठेवला, तो मी खाल्ला नाही.

घरी येताना हे माझ्या आधारानं चालत होते. म्हणाले, ‘‘आज पहिल्यांदा मला त्यांनी आपला म्हटलं, कुमुद.’’

‘‘उद्या डॉक्टरकडे जाऊ.’’

‘‘अण्णा म्हणाले लसणाचं तेल घाल, शिट्टी थांबते. थोडे दिवस बघू.’’

‘‘आणि कान?’’

‘‘कान आता कसला येतो? आबांचा आला का?’’ माझ्या चेहऱ्याकडे बघून मग म्हणाले, ‘‘डावा आहे ना तुझ्यासाठी. तुला राखीन म्हटलं होतं, एक तरी राखला.’’

मी खिडकीत यांच्या उजवीकडची जागा सोडून डावीकडे बसायला लागले.

लसणाचं तेल झालं, रुईच्या पानाचा शेक झाला. मी रोज डॉक्टरचं काढायची आणि हे रोज उद्यावर टाकायचे. माणूस अंगानं बारीक असला तरी त्याला हाताला धरून नेता येत नाही, मुलाला नेतात तसं. शेवटी पंधरवडा उलटल्यावर हे घंगाळ उचलताना चक्कर येऊन पडले आणि हाताला लागलं, तेव्हा मी रिक्षा बोलावली. रिक्षात बसल्यावर हाताचं ड्रेसिंग नंतर करू असं मी म्हणाले आणि यांना थेट कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कानात दिवा घालून म्हणाल्या, ‘‘मळ नाही. पडदा छान आहे. तेल कुणी घातलं?’’

यांनी उजवा कान हातानं झाकला.

यांना एका काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. कागदावर दोन रेघा निघाल्या. एक वर, एक पार तळाला. बाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला.

‘‘कान कधी गेला?’’

‘‘पंधरा दिवस होऊन गेले. झोपताना होता, सकाळी नव्हता.’’

‘‘आणि तुम्ही आज येताय?’’ त्या चिडल्या नव्हत्या, पण हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं.

‘‘आम्ही तांबट आहोत,’’ हे म्हणाले. ‘‘आमच्यात कान बसतोच.’’

बाईंनी कागद आमच्यापुढे सरकवला. ‘‘ठोक्यांनी गेलेला कान असा दिसत नाही. तो दोन्हीकडे जातो आणि हळूहळू जातो. हा तुमचा डावा कान बघा. इतकी वर्षं हातोडीपुढे बसलेल्या माणसाचा इतका चांगला कान मी पाहिला नाही. काय करत होतात?’’

‘‘बोळे,’’ मी म्हणाले. ‘‘कापसाचे बोळे वळून देत होते.’’

‘‘त्यांनी काम केलं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हे दुसरंच आहे. तहान फार लागते का? रात्री उठावं लागतं?’’

हे माझ्याकडे बघायला लागले. मी बाईंकडे बघायला लागले. तहानेचा आणि कानाचा काय संबंध, हे दोघांनाही कळेना.

रक्त घेतलं. निकाल आला तेव्हा बाईंनी आधी यांना खुर्चीत नीट बसवलं, मग सांगितलं. साखर होती. आजची नव्हती, काही वर्षांची असावी, आणि फार वाढलेली होती. ‘‘कानाच्या आत रक्त नेणाऱ्या नसा केसाहून बारीक असतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘साखरेनं त्या खराब होतात, कधी तुंबतात. डोळ्याचं होतं, किडनीचं होतं, तसंच कानाचंही होऊ शकतं. याच कारणानं झालं असं शंभर टक्के कुणी सांगू शकणार नाही. पण साखर असलेल्यांत हे जास्त दिसतं.’’

‘‘औषध आहे?’’ मी विचारलं.

‘‘आहे. ते पहिल्या काही दिवसांत मिळालं तर कान परत यायची बरी आशा असते. आता फार कमी आहे. आणि ते पोटातून दिलं तर साखर आणखी भडकते. आपण सुईनं कानाच्या पडद्यातून आत देऊ. प्रयत्न करू.’’

प्रयत्न केला. यांनी सुया निमूट सोसल्या. साखरेसाठी पोटात इन्सुलिन टोचायला मी शिकले. दर खेपेला यंत्र लावायचं आणि दर खेपेला ती खालची रेघ तळालाच असायची. शेवटच्या खेपेला बाई म्हणाल्या, ‘‘आता डाव्याला जपा. साखर ताब्यात ठेवा. आणि बोळे सोडू नका.’’

घरी आल्यावर सदूअण्णा चौकशीला आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना ओठ कळावेत म्हणून ओरडून सांगितलं, तेव्हा ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनीच ऐकलं. हातोडीनं नाही, साखरेनं. कापसानं नाही, साखरेनं. कान जाताच डॉक्टरकडे गेलो असतो तर कदाचित परत आला असता.

अण्णा म्हणाले, ‘‘डॉक्टरला ठोका काय कळतो?’’ उठून गेले, आणि जाताना यांच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. त्याच वर्षी आळीत आणखी एकाचे पेढे झाले.

माझा राग त्यांच्यावर बसेना. कुणावरच बसेना, हेच मला सोसत नव्हतं. ज्या दारानं चोर येणार म्हणून आम्ही जन्मभर कडी लावून जागत बसलो, त्या दाराला तो शिवलाही नव्हता.

मी भात मोजून वाढायला लागले, साखरेचा डबा शेजारणीकडे ठेवून दिला. हे पथ्यानं राहिले. मी सांगितलेलं ऐकायचे, एका कानानं का होईना. साखर उतरली. डॉक्टरीणबाई खूश होत्या. मला वाटलं, देवानं अर्धं घेतलं, अर्धं ठेवलं, तेवढ्यावर भागवू.

दिवाळीच्या आधीची संध्याकाळ होती. आळीत मागणी फार, त्यामुळे काम उशिरापर्यंत चाललेलं. मग एकेक हातोडी थांबत गेली. हे हातपाय धुऊन आले, खिडकीपाशी बसले, डाव्या कानातला बोळा काढून कट्ट्यावर ठेवला. उजव्या कानातलाही काढला. तो हे सवयीनं घालतच होते.

‘‘हं, बोल.’’

मी सांगायला लागले. सुरेखाचा फोन आला होता, भाऊबीजेला येणार होती, तिच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि जावई म्हणत होते की आईला एकटं सोडून कसं यायचं, तर मी म्हटलं की घेऊन या त्यांनाही, खाली आपण गादी घालू, आणि—

हे माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर तेच ऐकण्याचं हसू. मग ते हसू जरा हललं.

‘‘थांबलीस का?’’ यांनी विचारलं.

मी थांबले नव्हते.

आम्ही त्याच पावली निघालो. यावेळी घटकेचाही उशीर केला नाही. अनवाणी गेले मी, रिक्षात बसल्यावर कळलं. बाईंनी लगेच भरती करून घेतलं, सुई दिली, सलाईन लावलं, पोटातूनही औषध दिलं, साखर भडकली ती इन्सुलिननं धरून ठेवली. सगळं वेळेवर झालं. दोन दिवसांनी यंत्र लावलं. आठवड्यानं लावलं. डॉक्टरीणबाई कागद घेऊन माझ्याशेजारी बाकावर येऊन बसल्या. वेळेवर येऊनही कधीकधी कान परत येत नाही, असं म्हणाल्या. पुढे ऐकू यायचं मोठं मशीन आणून कानाला लावलं. त्यातून यांना गोंगाट कळायचा, शब्द कळायचे नाहीत. काही महिन्यांनी यांनी ते पेटीत घालून ठेवलं.

आता याला बरीच वर्षं झाली. सदूअण्णा गेले. आळीतल्या निम्म्या हातोड्या बंद पडल्या. मी यांच्याशी ओरडून बोलते. जेवण झालंय, गोळी घ्या, दार लावा. ओरडून काही पोचत नाही, पण ओठ मोठे होतात म्हणून ओरडते. परवा सुरेखा म्हणाली, ‘‘आई, तुझा आवाज अगदी आजीसारखा झालाय.’’

सकाळी मी कापसाचे दोन बोळे वळते. खोबरेल तेलाचा हात लावून घट्ट करते आणि यांच्या हातावर ठेवते. एकदा म्हटलं होतं खुणेनं, कशाला आता? हे म्हणाले, ‘‘राखीन म्हटलं होतं.’’

संध्याकाळी हे हातपाय धुऊन खिडकीपाशी बसतात. त्या वेळी उजेड कमी असतो, आणि साखरेनं यांची नजरही अधू झालीय, तेव्हा माझे ओठ यांना दिसत नाहीत. हे बोळे काढून कट्ट्यावर ठेवतात, माझ्याकडे तोंड करतात.

‘‘हं, बोल.’’

मी उजवीकडच्या माझ्या जुन्या जागी बसते, आणि बोलते. हळू बोलते.